गोविंदाच्या किडनीचा समन्वयक

३ मार्च
धाकट्या भावाच्या, गोविंदाच्या दोन्ही किडन्या गेल्या. आता आठवड्यातून दोनदा खामगावला डायलिसिस. घरातल्या कोणी किडनी दिली तर पोरगा निभेल, असं डॉक्टर म्हणाले. सगळे सुन्न. शेवटी मीच पुढाकार घेतला. आजपासून समन्वयक मी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, ‘मिशन गोविंदा’. अ‍ॅडमिन अर्थात मीच.

६ मार्च
गोविंदाचा रक्तगट ओ. त्याची बायको प्रेरणा बी, म्हणजे बाद. लग्नात गुण जुळवले, रक्तगट कोणी पाहिला नाही. कमाल आहे! आई ओ, बहीण चांगुणा ओ. तसा मीही ओच, पण अंपायरनं बॅटिंग करायची नसते.

१५ मार्च
आई बाद. वय, वर बीपी. डॉक्टरांच्या पायाच पडली, काढा म्हणे, मले आता कायले पाह्यजे दोन-दोन? चारचौघांत असं शोभतं का? परत येताना गाडीत समजावलं.

२८ मार्च
चांगुणाला शुगर निघाली. निव्वळ निष्काळजीपणा! ग्रुपवर सकाळी फिरण्याचे फायदे टाकले. एकानंही अंगठा दिला नाही. या घराला शिस्तच नाही.

२ एप्रिल
डॉक्टरांनी विचारलं, तुमची तपासणी कधी? सोमवारी, म्हटलं. ठरलं म्हणजे ठरलं.

सोमवार
सकाळपासून शिंका. सर्दीत शरीराशी खेळू नये.

१९ एप्रिल
मेंदू मृत झालेल्यांची किडनी मिळते, त्या यादीत गोविंदाचं नाव टाकलं. आयडिया माझी. नंबर लागायला वर्षं जातात म्हणे. जाऊ दे, रांग तर लागली! प्रेरणा नुसती माझ्याकडे बघत राहिली. तपासणीला जाणारच आहे, पण सगळेच टेबलावर झोपले तर दवाखान्यात डबा कोण नेईल?

५ मे
डायलिसिस अर्ध्यात थांबवलं. बीपी टिकत नाही. फार दिवस असं चालणार नाही, डॉक्टर स्पष्टच म्हणाले.
गोविंदानं मला जवळ बोलावलं. म्हणे, दादा, तू नको भिऊ. मी डॉक्टरले सांगून देलं, दादाची किडनी मले नाही पाह्यजे, त्याले पुन्हा विचारू नका.
त्याच्या पायावरची चादर सारखी केली. बाहेर आलो, रसवंतीवर उसाचा रस घेतला.
आधी हायसं वाटलं. लाज नंतर वाटली, ग्लास संपल्यावर.