गप्प पडलेला आधी

३ मे
आले एकदाची बदलीच्या गावी. खोली दवाखान्याच्या मागेच, खिडकीतून उघडं माळरान दिसतं. वॉर्डातल्या मावशींनी आल्या आल्या चहा दिला आणि लग्न का केलं नाही तेही विचारून घेतलं. त्यांच्या तोंडाचा पट्टा काही थांबत नाही, पण बाई मायाळू आहे.

काम नेहमीचंच. अपघात विभागाच्या दारात बसायचं, आलेला पेशंट बघायचा, मनगटाला पट्टी बांधायची. लाल म्हणजे आत्ता, पिवळी म्हणजे जरा थांबेल, हिरवी म्हणजे चालत आलाय, बसू दे. काळी म्हणजे गेलेला, आता हात लावायचा नाही. बारा वर्षं हेच करतेय. तरी मोठ्या सिस्टरांनी मला शाळकरी पोरीसारखं उभं करून ऐकवलं: इथे वीज फार पडते आणि विजेच्या पेशंटला नियम उलटा. ओरडतोय तो जगतो, गप्प पडलेला आधी घ्यायचा. हृदय आपलं आपण चालू होतं, श्वास होत नाही, तो आपण द्यायचा. मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, मला नका शिकवू.

९ मे
उन्हाने चक्कर आलेले सात, विंचू चावलेली एक. मोठ्या सिस्टर बोलत नाहीत, फक्त चुका काढतात. काढोत बापड्या.

१४ मे
दुपारी खाणीवर वीज पडली. चौघांना एकाच टेम्पोतून आणलं. तिघं किंचाळत होते. त्यातल्या बाईचा दंड भाजला होता, ती माझा हात सोडेना. चौथा तिचा नवरा. निळा शर्ट, गप्प, श्वास नाही. सवयीने काळी पट्टी बांधून मोकळी झाले.

उलटा नियम आठवला तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. मोठ्या सिस्टरांनी धावत येऊन त्याच्या तोंडाला श्वासाची बॅग लावून दाबली, उपयोग झाला नाही. हा वाचला असता, असं त्या त्याच्या बायकोसमोरच म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खोटं काय होतं त्यात? मीच मारलं त्याला.

१६ मे
तो आलाय. कोपऱ्यातल्या पलंगावर. निळा शर्ट, मनगटाला माझ्या अक्षरातली काळी पट्टी, डोळे माझ्यावर. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, पलंग रिकामा आहे, तू सकाळपासून काही खाल्लंस का.

मी तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं. त्याच्या शेजारच्या पलंगावरच्या आजी उन्हाच्या झटक्यातून बऱ्या होऊन सकाळपासून मावशींशी भांडत होत्या. बोलता बोलता त्यांचा श्वास थांबला. खूप प्रयत्न केले. गेल्या. डॉक्टरांना कारण सापडेना.

१७ मे
परत आला. या वेळी शेजारी एक मास्तर होते. त्यांचे ओठ निळे पडायला लागले. मला काय सुचलं कोण जाणे, बॅग उचलली ती निळ्या शर्टवाल्याच्या तोंडाला लावली. चार वेळा दाबली. मास्तर खोकले आणि पाणी मागितलं.

म्हणजे त्याला त्याचा श्वास हवाय. मी दिला नाही तर दुसऱ्याचा घेतो.

१९ मे
काल अर्धा तास त्याला बॅग दाबली. आज दोन तास. हात भरून आलेत, दारात पेशंट खोळंबलेत. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, रिकाम्या गादीत हवा भरतेस, नाटकं बंद कर. त्यांना सगळं खरं सांगितलं. हसल्या. मग तक्रार लिहायला बसल्या.

२० मे
डाव्या हाताने लिहितेय. उजव्यात बॅग. सकाळपासून. आत नऊ पेशंट. मघाशी घाम पुसायला थांबले तर खिडकीजवळची छोटी — आता ठीक आहे. रडतेय. रडू दे.

तो नुसता घेतो. परत सोडत नाही. छाती फुगतेच —

दुपार
बॅग काढून घेतली. डॉक्टर आणि मोठ्या सिस्टर. मी पाया पडले, त्या पोरीसाठी तरी — ऐकेनात. मला खुर्चीत बसवलं. मोठ्या सिस्टर सांगत होत्या, उद्यापासून तू —

मधेच थांबल्या. हात छातीवर.

मावशींचा आवाज येत नाही. डॉक्टर दाराला टेकून घसरले. ती छोटी रडत नाही.

कुणीच ओरडत नाही. सगळे गप्प. सिस्टरांच्या हातून पडलेली बॅग उचलली. एकच बॅग. आधी कुणा —