बंदीतली सुपारी

सामे,
३ जून २००३

चि. फिलोमेना हिला आगापितोदादाचे अ. उ. आ.

तुमच्या मौबिसीत थंडीने हातपाय आखडले असतील. इकडे सगळे ठीक. ऑगस्टच्या नऊ तारखेला आईला वर्ष होते. त्या दिवशी आपण अंगावरचे दुखवट्याचे काळे उतरवू. येताना तुमच्याकडचे बटाटे आण, आणि मेहुण्यांना सांग की या खेपेला पाने वाढेपर्यंत घोरायचे नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. सुपारीच्या राईवर गावाने खूण टांगून तीन वर्षांची तोडणीबंदी घातली होती, ती त्याच दिवशी उठायची. पण गेल्या वर्षी बंदीतच सुपारी तोडली गेली आणि तोडणारा पुढे येऊन दंड भरत नाही तोवर बंदी उठत नाही. मग आईपुढे ताजी सुपारी कुठून ठेवू? मउलेकीकाकांचे घर राईला लागून, म्हणून गावाने त्यांच्यावर बोट ठेवले आहे. म्हाताऱ्याने शपथ घेतली, तरी कोणी त्यांच्या हातचा विडा घेत नाही. आता कंटाळून, न केलेल्या गुन्ह्यासाठी आपले एकुलते डुक्कर द्यायला निघालेत. महिनाअखेर मला हो किंवा नाही सांगायचे आहे. बंदीचा राखणदार मीच, म्हणून तोंड वर करवत नाही.

आठवण काढत जा.
तुझा,
दादा

मौबिसी,
१५ जून २००३

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र भाजीच्या ट्रकवाल्याने आणून दिले. काकांचे डुक्कर घेऊ नकोस. सुपारी मी तोडली.

आईची सेवा करायला आले होते ना, तेव्हा. तिला राईतल्या आपल्याच झाडाची सुपारी हवी होती. बाजारची तोंडात धरी आणि थुंकून टाकी, लाकूड आहे म्हणे. तू शेतावर गेलास तशी मी बेचाळिसाव्या वर्षी झाडावर चढले. झगा टरकला. कुत्रा मागे लागला असे तुला सांगितले, ते खोटे. आई म्हणाली होती, आगापितोला सांगू नकोस गं, राखणदार झाल्यापासून तो हसायचा विसरलाय. मीही गप्प बसले, आणि बिचारे काका वर्षभर माझे भोगत राहिले. दादा, हे काळे अंगावर आहे ना, ते आईचे कमी आणि त्या गोष्टीचे जास्त आहे.

यांना सांगायची भीती होती. सासरची माणसे काय म्हणतील? तर हे म्हणाले की बायको झाडावर चढलेली बघायला मिळाली असती तर दोन बकरे दिले असते! एक बांधून ठेवलाय. तू काय शिक्षा देशील ती मला कबूल, पण माझ्याशी अबोला धरू नकोस.

तुझी,
फिलोमेना

सामे,
२४ जून २००३

चि. फिलोमेनास अ. उ. आ.

तुझे पत्र परसात उभ्याने वाचले. अगं वेडे, तू एकच घड तोडलास. राईतून दोन गेले होते.

तू सासरी परतलीस त्याच्या चौथ्या दिवशी आईने मलाही तेच मागितले. वर म्हणाली, फिलोमेनाला कळू देऊ नकोस, ती नियमाची कडक आहे, तुझ्यावर रागावेल. घरोघर शपथ घालत मीच फिरलो. राखणदाराला शपथ घालायचे कोणाच्या डोक्यातही आले नाही. तुला खरे सांगायचा धीर झाला. मला मोठा असून झाला नाही, याची लाज वाटते.

काल काकांच्या पायरीवर बसून सगळे सांगितले, मग गावासमोर सांगितले. राखणदारी गेली. दंड तुझा एक बकरा, माझी दोन डुकरे. काकांनी आधी माझ्याकडे पाठ फिरवली. मग विचारले की तुझ्या आईला दात नव्हते, सुपारी चावली कशी. मी सांगितले, खलबत्त्यात कुटून दिली. तेव्हा ते रडले आणि मीही रडलो. उठताना त्यांनी मला विडा करून दिला.

बकरा घेऊन ये. आई गेल्याचे कळून तू आलीस तेव्हा तिचे ओठ लाल होते, तू पाहिले होतेस. चोरी उघड होईल म्हणून मी ते ओल्या फडक्याने पुसायला गेलो. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, राहू दे.

तुझा चोर भाऊ,
आगापितो