मागच्या खोलीचा हक्क

मी, खाली सही करणारी निवृत्त गणित शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. मुलीला तो पटणार नाही. पण आजवर तिला माझे काय पटले आहे? माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलीने आणून पाहिला, तो मी झुगारला.

१. राहते घर अंगणासह माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. मागच्या खोलीचे वेगळे लिहिते, कारण भांडण तिच्यावरूनच आहे. शाळेत माझ्या शेजारच्या वर्गात चित्रकला शिकवणाऱ्या बाई होत्या. मुले त्यांना लाडाने रंगबाई म्हणत. (मला वजाबाकी म्हणत, तेही पाठीमागे.) आता त्यांच्या घरमालकाने त्यांना जागा सोडायला सांगितले आहे. मुलगी म्हणाली, "आई, बाईंना मागची खोली देऊया ना. एकट्या कुठे जातील?"

"माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही."

"आणि नंतर?"

म्हणून हा कागद.

२. बँकेतील शिल्लक मुलीला. फळ्यावर वर्तुळे काढायचा माझा लाकडी कंपासही तिलाच. ती पूल बांधते. एका पुलाबद्दल तिचा सत्कार झाला, तेव्हा मी ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत बसले होते. ती माईकवर म्हणाली, "मला बघायला शिकवलं ते रंगबाईंनी." अहो, पूल काय रंगपेटीवर उभा राहतो? पाढे कोणी घोटून घेतले? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

३. शाळेत दर शनिवारी आभाराचा तास असे. कल्पना माझी, बरं का! प्रत्येक मुलाने उभे राहून एका माणसाचे आभार मानायचे, आणि कशाबद्दल ते नेमके सांगायचे. निम्मा वर्ग रंगबाईंचे नाव घेई. माझी मुलगीसुद्धा. मी "छान, बस" म्हणत असे. माझे आभार मानले गेले ते गृहपाठ कमी दिल्याबद्दल. मला या बाईचा हेवा वाटत आला, आजही वाटतो, आणि मेल्यावर थांबेल अशी चिन्हे नाहीत. त्या तासाला मी स्वतः मात्र कधी उभी राहिले नाही.

४. मुलीचे वडील वारले त्या वर्षी तिने माझ्याशी बोलणे टाकले. शाळा सुटली की थेट रंगबाईंकडे. एका संध्याकाळी तिला आणायला म्हणून गेले आणि दाराबाहेरच थबकले. आतून तिचे हसणे ऐकू येत होते. घरी ती हसत नसे. मग म्हणाली, "बाई, मी आज इथेच राहते ना."

रंगबाई म्हणाल्या, "चपला घाल. आई जेवायची थांबली असेल."

मी खरेच रोज थांबत असे. हे त्यांना कोणी सांगितले होते? त्यांना मूलबाळ नाही. तरी वर्षभर रोज त्यांनी माझ्या मुलीला परत पाठवले. ठेवून घेतली असती, तर मला त्यांचा सुखाने राग राग करता आला असता. तेवढेही सुख त्यांनी मला दिले नाही.

५. हे कलम आज सहीच्या वेळी वाढवले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीच मिळत नाही असे वकिलांनी सांगितले, तेव्हा मी खूश होऊन साक्षीला रंगबाईंनाच बोलावले. त्या आल्या, आणि कागद न बघताच त्यांनी पेन उघडले.

"वाचा तरी," मी म्हटले.

"काय वाचायचं? तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार."

"यातून तुम्हाला काही मिळणार नाही."

"मला काय कमी आहे?"

डोक्यावरचे छप्पर चाललेली बाई हे म्हणते! मला इतका संताप आला की मी त्यांच्या हातातले पेन काढून घेतले आणि समोरच्या दातांच्या डॉक्टरांना हाक मारली.

सबब, मागची खोली रंगबाईंना हयातभर राहण्यासाठी द्यावी. त्यांनी माझ्या मरणाची वाट पाहू नये, येत्या रविवारीच सामान आणावे. आभार मानू नयेत, मला ते सोसणार नाही.

लिहून देणार: वजाबाकी (सही)

साक्षीदार: समोरचे दातांचे डॉक्टर (सही)
कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली
तारीख: वकिलांच्या शिक्क्यातली

रंगबाई समक्ष हजर होत्या. त्यांना सही करू दिलेली नाही.