दगड असतानाचे दिवस

३ मार्च, सोमवार

मला दगड केलं. एकविसाव्या भागात! सकाळी कागद हातात आला, पान उलटून पाहिलं, म्हटलं मागे काहीतरी असेल. कोरं. "महामुनी शिळा होतात." संपलं. वीस भाग मी या मालिकेचा महामुनी. पंखवाला घोडा माझ्या आश्रमातला, राजकन्येला अस्त्रविद्या माझी, दर भागाला किमान दीड पान संवाद. आणि शाप दिला कोणी? सात डोक्यांच्या असुराच्या पाचव्या डोक्याने. त्या डोक्याला आजवर एक वाक्य नव्हतं. पुठ्ठ्याचं आहे ते.

लेखकाला जिन्यात गाठलं. तो सँडविच खात होता, पळता येईना. म्हणाला, "काका, शाप आहे म्हणजे उःशाप आलाच. दोन-तीन भागांत सुटाल. आणि सुटलात की तुमचं सलग तीन पानांचं भाषण."

तीन पानं. सलग. माझा राग जिन्यातच उतरला. तीन पानं म्हणजे ती नक्की बघेल. लेक. आईला विचारून का होईना, बघेल, आणि मग फोन करेल. दोन वर्षं केला नाही, तरी करेल.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे आता तिकडे गप्प आणि इकडे दुप्पट."

४ मार्च, मंगळवार

माझ्याऐवजी थर्मोकोलचा पुतळा उभा करायचा ठरलं होतं. दिव्याजवळ ठेवला, नाक वितळलं. मग काय, मलाच दगड करा! सकाळी सातला बसवलं, दहाला उठवलं. दाढीपासून पायाच्या नखांपर्यंत राखाडी रंग, वर कसलासा लेप.

मेकअपवाली बाई म्हणाली, "ओठ हलले की भेग पडणार. भेग पडली की पुन्हा तीन तास. मी करणार नाही. मी घरी जाईन." ही बाई जे बोलते ते करते. मागे असुराने शिंकून तिसरं डोकं खराब केलं तेव्हा खरंच रिक्षा करून घरी गेली होती.

सात ते सहा मौन. पाणी, चहा, सूप, सगळं स्ट्रॉने. अकरा तास! आयुष्यात मी झोपेतही एवढा वेळ गप्प नसतो, ही साक्षीदार आहे.

६ मार्च, गुरुवार

अजब प्रकार सुरू झालाय. लोक येऊन माझ्याशी बोलतात.

आधी लाइटवाला. शिडी लावायला आला आणि सासऱ्याची कथा सुरू केली. सासरा चार दिवसांसाठी आला, त्याला आता सात महिने झाले, आणि टीव्हीचा रिमोट उशीखाली घेऊन झोपतो. मग राजकन्या. तिला घोड्याची भीती नाही, पंखांची आहे. उजवा पंख दोनदा तिच्या डोक्यात पडलाय. शेवटी दिग्दर्शिकाबाई खुर्ची ओढून बसल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आठव्या भागापासून मला गोष्ट कळत नाहीये."

मला कळते! मी दोन मिनिटांत समजावलं असतं. सासऱ्यावर उपाय होता माझ्याकडे, पंखावरही होता. सगळे सल्ले घशाशी आले आणि तिथेच थांबले.

आणि गंमत म्हणजे तिघेही जाताना खुशीत. राजकन्या तर म्हणाली, "थँक्यू काका, किती बरं वाटलं." मी काय केलं? उभा होतो!

९ मार्च, रविवार

सुट्टी. सकाळपासून बोललो. अकरा वाजता हिने मिक्सर लावला. भांड्यात काहीच नव्हतं, मी जाऊन पाहिलं.

दुपारी लेकीचा विषय निघाला. म्हणजे मीच काढला. हे इथे एकदा नीट लिहूनच ठेवतो. दोन वर्षांपूर्वी ती एका संध्याकाळी घरी आली. म्हणाली, "बाबा, मला तिकडे राहायचं नाही." तिकडे म्हणजे नवऱ्याकडे. एवढं एकच वाक्य. मी समजावलं. बाप आहे, समजावू नको तर काय करू? संसार म्हणजे काय, संयम म्हणजे काय, आमचे सुरुवातीचे दिवस कसे होते. ही म्हणते सव्वा तास. पाऊण तास! तिने चहा घेतला, ऐकून घेतलं आणि गेली.

महिन्याने कळलं की नवऱ्याला सोडलं आणि खोली घेऊन एकटीच राहते. आईबापाचं हक्काचं घर दहा मिनिटांवर असताना खोली! मला लागलं ते हेच. नवऱ्याला सोडलं त्याचं मी काही म्हणत नाही. आमच्याकडे आली नाही, याचं वाईट वाटतं. फार वाटतं. परक्यासारखं वागली.

हिला हे सगळं म्हटलं. ही म्हणाली, "अहो, तिला विचारा ना कधीतरी." मी म्हटलं, विचारतोच. आणि काय विचारणार, कसं विचारणार हे हिला समजावून सांगू लागलो. ही उठून कपडे वाळत घालायला गेली.

१३ मार्च, गुरुवार

उःशाप दुसऱ्यांदा बदलला. आधी राजकन्येच्या अश्रूने मी सुटणार होतो. ग्लिसरीनने तिचे डोळे सुजले. मग पंखवाल्या घोड्याच्या श्वासाने. घोड्याने माझ्या दाढीवरचा लेप चाटला आणि दिवसभर काही खाल्लं नाही. आता लेखक म्हणतो, "कुणीतरी येऊन मनातलं खरं बोललं की शिळा विरघळते, असं करू."

असं असतं तर मी गेल्या आठवड्यात वीस वेळा विरघळलो असतो. कालच असुर येऊन बोलून गेला. त्याला बायकांना साड्या विकणाऱ्या दुकानाच्या जाहिरातीत काम हवंय, पण कुणी बोलवत नाही. सात डोकी उतरवून बाजूला ठेवली होती बिचाऱ्याने. डोळ्यांत पाणी होतं.

१८ मार्च, मंगळवार

माझा अपमान झालाय. पाठमोऱ्या आणि लांबच्या शॉटसाठी माझा फायबरचा पुतळा केला. हुबेहूब. नाक, पोट, सगळं. यापुढे चौथऱ्यावर तोच उभा राहणार, मला फक्त जवळच्या शॉटला बोलावणार. बाकी वेळ मी राखाडी रंगात मेकअपरूममध्ये बसायचं, तोंडात स्ट्रॉ घालून.

दिग्दर्शिकाबाई पुतळ्याभोवती फिरून म्हणाल्या, "हा जास्त स्थिर आहे."

२० मार्च, गुरुवार

रक्तदाबाच्या गोळ्या घरी विसरलो. विसरलो म्हणजे, हिने डबीच काढून ठेवली असणार, हे मला आता कळतंय. कारण गोळ्या घेऊन आली ती लेक. तिचं ऑफिस आमच्या स्टुडिओच्या मागच्याच रस्त्याला.

मी मेकअपरूमच्या दारात. जेवणाची सुट्टी, सेट रिकामा. ती आत आली, गोळ्यांची डबी हातात. केस कापलेत. बारीक झालीय. चौथऱ्यापाशी गेली आणि वर पाहिलं. मी हाक मारणार होतो. भेग पडली असती तर पडली असती! पण तेवढ्यात ती पायरीवर बसली आणि बोलायला लागली.

पुतळ्याशी!

मी पाऊल उचललं आणि परत ठेवलं. का, ते नीट सांगता येत नाही. दोन वर्षांनी ती माझ्याशी बोलत होती, भले फायबरशी. मी गेलो असतो तर थांबली असती. आणि भीतीही वाटली. वादळाचा मोठा पंखा कुणीतरी चालूच ठेवला होता, एक अक्षर ऐकू येईना. नुसते हात दिसत होते. बोलताना हात हलवते, माझ्यासारखे. घड्याळात पाहिलं, सतरा मिनिटं. मग डोळे पुसले, डबी पुतळ्याच्या पायाशी ठेवली आणि गेली.

मेकअपवाली बाई माझ्या मागे उभी होती. माझ्या गालाकडे बघून म्हणाली, "रंग गेला." चिडली नाही. स्पंज घेऊन आली.

२१ मार्च, शुक्रवार

लेकीचा फोन आला. हिला. ही फोन ठेवून माझ्याकडे अशी पाहत राहिली की मला वाटलं शर्टावर काहीतरी सांडलंय. म्हणाली, "म्हणते बाबांना सांगून आले सगळं. म्हणते बाबा एक शब्द बोलले नाहीत."

मग मला न मागता चहा. साखर घालून. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, हिने माझं कौतुक केल्याचं मला दुसऱ्यांदाच आठवतंय. आता कोणत्या तोंडाने सांगू की ऐकणारा फायबरचा होता?

२४ मार्च, सोमवार

तीन दिवस चोरासारखा वावरतोय. मला काय सांगितलं गेलंय हे मलाच माहीत नाही. हिला आडून विचारलं, "काय ग, तुला काय वाटतं त्याबद्दल?" ही म्हणाली, "मला कुठे सांगितलंय तिने? तुम्हालाच सांगितलंय."

आज आठवलं, त्या दिवशी लाइटवाला वर मचाणावर जेवत बसला होता. पॅकअप झाल्यावर त्याला धरलं. म्हणाला, "काका, पंखा चालू होता. मला एवढंच ऐकू आलं: बाबा, ऐका ना. ते मात्र तीन-चारदा."

मी म्हटलं, ठीक आहे. आणि तिथेच एका खोक्यावर बसलो. तो सासऱ्याबद्दल काहीतरी सांगू लागला, मी ऐकलं. रिमोट आता दोन झालेत.

२६ मार्च, बुधवार

सुटलो एकदाचा. राजकन्या खरं बोलली, धूर सोडला, शिळा विरघळली, आणि मी तीन पानं सलग, एकही चूक न करता! एका टेकमध्ये! टाळ्या झाल्या. लेखकाने मिठी मारली. संयमावरच होतं भाषण. दुसऱ्या पानावर एक वाक्य आलं ते मी तिलाही त्या संध्याकाळी म्हटलं होतं, जवळजवळ शब्द न् शब्द. म्हणताना जीभ जड झाली. दिग्दर्शिकाबाईंना वाटलं अभिनय.

संध्याकाळी माझ्याशी बोलायला कुणीच आलं नाही. पुतळा मागच्या व्हरांड्यात नेऊन ठेवलाय. असुर त्याच्यापाशी स्टूल घेऊन बसला होता, मागे घोडेवाला थांबला होता.

२८ मार्च, शुक्रवार

फोन केला. मी. तिला. आकडे लावताना दोनदा चुकलो.

सगळं भाषण मनात तयार होतं. तिने "हॅलो" म्हटलं आणि भाषण गेलं कुठल्या कुठे. म्हटलं, "तो मी नव्हतो. पुतळा होता. मी काहीच ऐकलेलं नाही."

ती म्हणाली, "माहीत होतं, बाबा."

"कसं?"

"तुम्ही दारात उभे होतात. तोंडात स्ट्रॉ होती. मला वाटत होतं, आता येतील. आता येतील आणि सुरू होतील. शेवटपर्यंत वाटत होतं. नाही आलात. म्हणून आईला तसं सांगितलं."

मला पुष्कळ बोलायचं होतं. म्हटलं, "मग आता सांगतेस?"

"रविवारी येऊ?"

"ये."

फोन ठेवला. हिने येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

३० मार्च, रविवार

आली. तीन तास बोलली. मी बोललो नाही. काय म्हणाली ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे.

एकच लिहितो. त्या संध्याकाळी ती बॅग घेऊन आली होती. बाहेर चपलांपाशी ठेवली होती. माझं बोलणं संपलं की आत आणू म्हणून.