पहिला रोडगा माझ्या हातचा

१९ मार्च, बुधवार
आज यात्रेकरू सेवा समितीचा अध्यक्ष झालो. एकमताने. रामनवमीच्या आदल्या दिवशी पोहरादेवीला पायी जाणाऱ्यांना आमच्या फाट्यावर पाणी द्यायचं आणि गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे आणि वरण जेवायला घालायचं, हे समितीचं काम. आजवर ते भाऊसिंग पाहायचा. पाहायचा म्हणजे नुसता राबायचा. सभेत कोणीतरी म्हणालं, फाट्यावरचा हातपंप आटला, यंदा मारोतरावच्याच बोअरचं पानी घ्या लागते, तं त्यायलेच करून टाका अध्यक्ष. बोअरचा उल्लेख अनावश्यक होता. लोकांना गुण दिसतात, फक्त तोंडाने कबूल करवत नाही.
एकच इच्छा आहे. पहिल्या पंगतीतला पहिला रोडगा माझ्या हातून वाढला जावा. फोटोसकट.

२० मार्च
मोबाईलवर लीडरशिपचे व्हिडिओ पाहिले. सार असं की लीडर काम करत नाही, करवून घेतो. हे मला उपजतच येतं. वाशीमच्या ऑफिसात जन्मभर हेच केलं. सौ. म्हणाली, घरात बी तेच करून राह्यले. सूर कौतुकाचा नव्हता.

२२ मार्च, शनिवार
समितीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. सेटिंग असं ठेवलं की मेसेज फक्त अ‍ॅडमिन टाकू शकतो. अ‍ॅडमिन मीच. शिस्तीचे नियम टाकले. एकाचाही विरोध नाही!

२५ मार्च
भाऊसिंग घरी आला. न विचारता सल्ला दिला. म्हणाला, भाऊ, घरोघरी जाऊन आवतन द्या लागते. बायायले कुंकू लावून, हात लावाले या, असं म्हना लागते. तवाच कनीक भिजवाले मानसं येतात. मोबाईलवर कोनी येत नाही.
उघड घातपात आहे. खुर्ची गेल्याची जळजळ. अध्यक्षच दारोदार फिरला तर मग अध्यक्ष कशाला म्हणायचं? त्याला चहा विचारला नाही. सौ.ने दिला. साखर जास्त घालून.

३० मार्च, रविवार. पाडवा
मारुतीच्या पारावर नियोजनाची सभा. हजर: मी आणि पाराशेजारच्या खेमाची बकरी. तरीही ठराव मंजूर. कणीक विभाग गोजराबाई, आग विभाग भाऊसिंग, मार्गदर्शन व फोटो मी. सगळं ग्रुपवर टाकलं. शांतता. शांतता म्हणजे संमती.
बकरीने माझ्या भाषणाचा एक कागद खाल्ला. माझ्याकडे राखीव प्रत होती.

२ एप्रिल, बुधवार
रस्त्यात गोजराबाई भेटली. रोडग्यांची कणीक गावात तिच्याइतकी कोणाला जमत नाही, आणि त्याचा तिला माज आहे. विभागाची तयारी विचारली. म्हणाली, कायचा विभाग? मले कोनं आवतन देल्लं? बिन आवतनाची मी कोठी जात नाही. ग्रुप पाहा म्हटलं. म्हणे मोबाईल नातीजवळ हाय, ते पुसदले राह्यते.
ह्या बाईला मनातून काढून टाकलं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला काढलं. ह्या गावाची लायकीच नाही. मी आहे म्हणून चाललंय.

३ एप्रिल
नवा व्हिडिओ: लीडरची किंमत गैरहजेरीत कळते. लगेच राजीनामा टाकला. लोकांना विनवण्या करता याव्यात म्हणून ग्रुप सर्वांसाठी मोकळा केला.

सायं. ७
अंगठे. नुसते अंगठे. पुसदहून गोजराबाईच्या नातीचाही एक. भाऊसिंगची एक ओळ आली: मोटरची चाबी तेवढी पाठवून द्या.
देणार नाही. मोटरच्या पेटीला कुलूप ठोकून आलो. भर उन्हात यात्रेकरू घसा कोरडा करून उभे राहिले की येतील सगळे नाक घासत.

४ एप्रिल, शुक्रवार
दिवसभर दारात बसलो. नाक घासायला कोणी आलं नाही. भाऊसिंग आणि त्याची सोनीबाई कुंकवाची वाटी घेऊन घरोघर फिरत होते. आमच्याकडेही थांबले. सोनीबाईने सौ.ला कुंकू लावलं, वहिनी, सकायी हात लावाले या, म्हणाली. मी खाकरलो. ते पुढे गेले.
सौ.ने विचारलं, तुमी येता काय? म्हटलं, अध्यक्षाला सन्मानाने बोलवावं लागतं. ती म्हणाली, अध्यक्ष हाय कोठी आता?
मला फार लागलं ते. जेवलो नाही. म्हणजे कमी जेवलो.

५ एप्रिल, शनिवार. सकाळ
सौ. घरात नाही. चूल थंड. पेटीच्या कुलपाला दुसरी चावी आहे हे मी विसरलो नव्हतो. ती सौ.च्या पदराला असते, हे विसरलो होतो. मोटरचा आवाज घरापर्यंत येतोय.
माझ्याशिवाय किती गोंधळ उडाला असेल, हे पाहायला हवं. केवळ निरीक्षण.

दुपार
दुपट्टा नाकापर्यंत बांधून गेलो. गोंधळ नव्हता. गोवऱ्यांच्या आगीतून रोडगे निघत होते, गोजराबाई हसत होती, अर्धं गाव राबत होतं. मी काढून टाकलेलं अर्धं. घरी चूल थंड होती, त्यामुळे पंगतीत बसावं लागलं. टोकालाच.
भाऊसिंग टोपलं घेऊन आला. म्हणाला, कुठले पाहुणे? माझ्या तोंडून निघालं, किन्हीराजा. म्हणाला, लांबून आले बापा, यायलेच पह्यले वाढा. पहिल्या पंगतीतला पहिला रोडगा माझ्या पत्रावळीवर पडला. धुरामुळे त्याने मला ओळखलं नाही.
वरण घेऊन सौ. आली. पळी थांबली. मग तिने वरण वाढलं आणि म्हणाली, सावकाश जेवा, पाहुणे. पानी बोअरचं हाय, थंड हाय.
फोटो कोणी काढला नाही. रोडगा चांगला भाजला होता. मी आणखी एक मागितला.