मशीनले बांधलेली मोट

किन्हीराजाजवळचा तांडा
चैत्र, सन १९५७

चिरंजीव बाबूसिंगले त्याच्या थोरल्या बहिणीचा, हिरीबाईचा, आशीर्वाद. आमी इकडं खुशाल आहो. तुमी अकोल्यात कसे आहा ते कळवाची घाई नाही. दोन वर्सं कळवलं नाही तरी आमी दोन टाइम जेवतच होतो. ललिताबाईच्या गुडघ्याले आराम पडला का? तिले म्हणा, एरंडाचं पान गरम करून बांध अन् दवाखान्यातल्या बाटल्या कमी पी. बेबी आता सात वर्साची झाली असन. तिचे समोरचे दात पडले का ते पाहून ठेव. (आपल्या तांड्याच्या बोलीले अक्षरं नाहीत म्हणून मराठीत लिहून राह्यली. मोठ्या माणसाईच्या शाळेत तीन महिने गेली, तेवढ्या पुंजीवर हे पत्र हाय. चुका काढाच्या असतीन तर मनातल्या मनात काढ.)

आता कामाचं. तू कारखान्यात मिस्त्री हाय, लोखंडाचे लोक तुह्या ओळखीचे असतीन. आमच्या दारात एक माती खोदाची मशीन उभी हाय, ती घेऊन जाईन असं गिऱ्हाईक पाह्य. मले ती बला दारात नको. तिच्या पायी काय काय झालं ते सारं सांगते, म्हणजे गिऱ्हाइकाले काय सांगाचं नाही ते तुले समजन.

तुह्या भाऊजीची (कागदाले लाज नाही म्हणून नाव लिहिते, लखीराम) पाठ तीन वर्सांआधी इहिरीत दरड पडून गेली, ते तुले ठाऊक हाय. वाशिमच्या डॉक्टरनं सांगतलं का कुदळ हातात घेतली तर मंग खाट सुटाची नाही. ज्या माणसानं आठ गावच्या इहिरी खांदल्या, कुदळीच्या आवाजावरून खाली मुरूम हाय का काळा खडक हाय ते सांगतलं, तो माणूस लिंबाखाली बसून मुंगळे मोजे. जेवता का म्हटलं का म्हणत, जेवतो. बरं वाटते का म्हटलं का म्हणत, वाटते. साऱ्या दिवसाचे एवढे दोन शबूद. आधी हाच माणूस इतका बोले का मी कानात कापूस घालत होती. मातीकामाचा ठेका त्याईच्या नावावर राह्यला, पण टोळी हाकाले मी. (टोळीले शिव्या देणं मले जमते. ओवरसियरशी गोड बोलणं जमत नाही, म्हणून कामं कमी झाली.)

अन् त्यातच दोन वर्सांआधी तू अमरसिंगच्या लग्नात चारचौघांत बोलला, भाऊजी, आता तुमची कुदळ मले द्या, परसात भेंडी लावतो. लोक हासले. तेही हासले. घरी येऊन त्याईनं कुदळ पुसली, तेल लावलं अन् आढ्याले टांगून देली. तवापासून मी तुह्याशी बोलली नाही. ते मात्र म्हणत, बाबूसिंग खोटं काय बोलला? तुह्या बोलण्यानं जेवढा राग आला नाही तेवढा मले त्याच्यानं आला.

तर माघात तुमच्या अकोल्यात सरकारी मालाचा लिलाव झाला, लढाईच्या वक्ताचं सामान. आमी बैलजोडी इकली होती. त्या पैशात म्या त्याईले टोळीसाठी फावडे अन् घमेले आणाले धाडलं, संग त्याईच्या भावाले, भाऊसिंगले, देलं. (तुह्या घरावरूनच गेले. आत जाऊ नका असं मीच बजावलं होतं.) दोघंही हात हालवत आले. भाऊसिंग जमिनीकडं पाहे. हे म्हणाले, माल रेल्वेनं येऊन राह्यला. मले वाटलं, सस्त्यात लय फावडे भेटले असतीन. शेजाऱ्याची बैलगाडी मागून आणली अन् जऊळक्याच्या टेसनावर गेली. तिथं मालगाडीच्या वाघिणीवर हे जनावर बसलेलं. खोपटाएवढी लोखंडी पेटी, पायाच्या जागी साखळीचे पट्टे, अन् समोर उटासारखी मान. मी म्हटलं, फावडे कुठं हायेत? ते म्हणाले, हे शंभर फावडे हायेत. टेसन मास्तर हासला नसता तर मी तिथंच रडली असती. तो हासला म्हणून मी त्याच्याशीच भांडली.

भांडता भांडता मले दिसलं का मान हाय, पण तोंड नाही. ज्यानं माती खाते ते दातवालं तोंडच नाही. तर लिलावात मशीनचा नंबर येगळा अन् तोंडाचा नंबर येगळा होता. याईले वाटलं, ज्याची मान त्याचं तोंड, त्यात इचाराचं काय? तोवर ते तोंड एका गवळ्यानं घेतलं. म्हशीले पाणी पाजाले. तुमच्या अकोल्यात म्हशी लढाईच्या सामानात पाणी पेतेत अन् आमी इथं बिनतोंडाचं जनावर घेऊन बसलो.

किसनसिंग नावाचा एक फौजी डायवर सोबत आला होता, पेन्शनीतला. त्यानं याईले दांडे कसे ओढाचे ते दाखवलं. जऊळक्याहून तांड्यापर्यंत दोन दिवस लागले. मी लाल ओढणी काठीले बांधून पुढं पुढं, मशीन मांगं. रस्त्यानं बैल बुजले, एका वरातीतला घोडा नवरदेवासकट वावरात शिरला, अन् नवरीची माय मले अजूनही दिसली का तोंड फिरवते. किसनसिंग आठ दिवस राह्यला, भाकरी खाऊन खाऊन लठ्ठ झाला, अन् जाताना म्हणाला, बाई, तुहा माणूस कानानं इंजन चालवते. मी म्हटलं, कानाचं सोड, तोंडाचं सांग. तो गेला.

मंग घरगुती इलाज सुरू झाले. पहिले लोहारानं तेलाचा डरम उभा कापून देला. पहिल्याच घासाले तो पापडावानी चुरला. मंग हे दोन दिवस मशीनीभोवती चकरा मारत राह्यले, अन् तिसऱ्या दिवशी काय सुचलं तर आमची मोट काढली. बैल गेले तवापासून ती चामड्याची मोट भिताडाले लोंबत होती. तिले लोखंडी कडं ठोकलं अन् मशीनच्या दोराले बांधली. सारा तांडा पाहाले जमला. भाऊसिंग म्हणते, भाबी, बैल इकून मशीन घेतली अन् मशीनले मोट बांधली, आता तिले कडबा टाक. मी त्याले दोन दिवस कडबाच वाढणार होती, पण त्याची बायको आड आली.

पण बाबू, त्या मोटीनं माती खोदली नाही तरी गाळ काढला. प्रयागबाई माळणीची वांग्याची वाडी ठाऊक हाय ना, तिची इहीर गाळानं बुजली होती अन् रोपं माना टाकून राह्यले होते. हे म्हणाले, गाळ आपण काढू. प्रयागबाई धरून आमी तिघी बाया इहिरीत उतरलो, घमेल्यानं मोट भरली. मी खालून दोर हालवला. वर इंजन घुरघुरलं, मोट उचलली, अन् एक थेंब आमच्या आंगावर न सांडता वर गेली. (बैलाच्या मोटीनं मी जन्मभर भिजली.) मंग ती रिकामी होऊन खाली आली ते बरोबर माह्या हाताशी. दिवसभर असंच. सांजच्याले मी वर पाह्यलं तर इहिरीच्या गोल आभाळात त्याईचं डोकं, अन् ते गुणगुणत होते. तीन वर्सांनी. मले खालून ओरडाचं होतं का काहून टाइम लावून राह्यले, पण मी ओरडली नाही. प्रयागबाई म्हणे, हिरे, डोळ्यात गाळ गेला का? मी म्हटलं, हो.

त्या दिवशी मशीनीवरून उतरताना त्याईनं साखळीले धरून पाठ सरळ केली. मी आंधळी नाही. बसाची जागा निरं लोखंड, चैतातलं ऊन, पाठीले टेका नाही. म्हणून मी गादी शिवली. माहा लग्नाचा फेटिया, तो आरशाचा घागरा, पेटीत पडून होता. उंदरानं खाल्लेलाच होता, फेकाचाच होता, त्याच्यात सरकीचा कापूस भरला. आरसे भरलेला भाग पाठीच्या मांगं घेतला, बसाच्या जागी नाही. (एवढी दुष्ट मी नाही.) दुसऱ्या दिवशी तलावाच्या कामाचे ओवरसियर सायकलवर मशीन पाहाले आले. आरशाचा कवडसा त्याईच्या डोळ्यावर पडला अन् साहेब सायकलसकट नालीत गेले. बाहेर निघून त्याईनं मोट पाह्यली, गादी पाह्यली, अन् म्हणाले, लखीराम, ही मशीन हाय का नवरी हाय? हे म्हणाले, साहेब, दोन्ही.

साहेब माणूस वाईट नाही. म्हणाले, तलावाच्या पाळीले लागणारा मुरूम मशीननं खोदणार असशीन तर काम तुह्या नावावर लिहितो, पण मोटीनं मुरूम निघत नाही. वैशाखातल्या अखाजीच्या सणापर्यंत दाताचं तोंड लाव, नाही तर काम दुसऱ्याले जाईन. त्या दिवसापासून हे रोज मशीन पुसतेत, अन् पुन्हा बोलणं कमी झालं हाय. काल जेवता का म्हटलं तर म्हणाले, जेवतो. अशी ही मशीन. बैल खाल्ले, डरम खाल्ला, वरात उधळली, साहेब नालीत घातला. तवा गिऱ्हाईक पाह्य.

ललिताबाईले अन् बेबीले आशीर्वाद.

तुही बहीण,
हिरीबाई

ता. क. (लिहाचं राह्यलेलं असं लिहितेत, हे गुरुजीनं शिकवलं. मले लय कामाचं वाटलं.) गिऱ्हाईक पाहू नको. त्या गवळ्याले पाह्य. तुमच्या कारखान्याच्या मांगं तेलघाणीजवळ त्याचा गोठा हाय म्हणतेत. म्हशीले लोखंडात पाणी गरम होते, त्याले सांग. भाऊसिंग त्याले चांगली दगडाची डोणी घडवून देतो म्हणते. तोंडाचे दोन दात तुटले हायेत, ते तू बसव. अखाजीच्या आत. हे पत्र लिहिलं ते त्याईले ठाऊक नाही.

आणखी ता. क. आज सकाळी त्याईनं आढ्याची कुदळ काढली. मी ओरडली. ते म्हणाले, मारत नाही, वाजवतो. तलावाच्या जागी गेले, कुदळीचं टोक नुसतं जमिनीवर टेकवलं, ठकठक केलं, कान देला, अन् मशीन कुठं उभी कराची तिथं गोटा ठेवला. तर ती कुदळ आता कामावर हाय. तू भेंडी दुसऱ्या कुदळीनं लाव.

शेवटचं ता. क. फेटिया उंदरानं खाल्ला नव्हता. मायनं दोन वर्सं बसून त्याचा एक एक आरसा लावला होता, अन् तिच्या हातचं तेवढंच एक उरलं होतं. मी अर्धा कापला. कापताना हात थांबला नाही, पण तवापासून झोपताना मायचे बोटं दिसतेत. उरलेला अर्धा बेबीसाठी ठेवला हाय, तो टपालानं धाडणार नाही. मायले राग आला असता का, ते तू सांग. तिचा लाडका तू होता, तुले जास्त ठाऊक. अन् उत्तर लिहू नको. मले माहं अक्षर वाचता येते, तुहं वाचता येत नाही. इथं येऊन सांग.