खोक्यातलं घुं

५ फेब्रु. ८४, रविवार
दि. गेल्यानंतर आज पहिल्यांदा मशीन लावलं. त्याच्या गिटारचा अँप्लिफायर, त्यानेच जुळवलेला. घरात सगळे मशीनच म्हणतात. लाल दिवा लागला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत काही नाही, मग स्पीकरच्या खोक्यातून घुं सुरू. आतून आई (सासूबाई) म्हणाल्या, "दिनू, जेवतोस ना?" मग नुसती भांडी वाजली. मी बंद केलं नाही.

९ फेब्रु.
शाळेतून आले तर शांताराम भाऊजी दारात. गाण्याच्या पार्टीत पेटी वाजवतात, दि.चे जुने सोबती.
"जयभीम वहिनी. जयंतीच्या कार्यक्रमाला मशीन द्याल ना? देवळाली कॅम्पातला गिटारवाला मिळालाय."
हो म्हटलं.
"तेवढा आवाज काढून घ्या हो. मागच्या वर्षी लोक विचारत होते, पार्टीत भुंगा पाळलाय का म्हणून."
आई हसल्या. दिवाळीनंतर पहिल्यांदाच.

४ मार्च, रवि.
आवाज एक नाही, तीन. ट्यूबलाइट बंद केली, चुरचुर गेली. दुसरा खणखण, गिटारची जाड तार छेडली की येणारा. मागची फळी आवळली. स्पीकरचा कागद फाटलाय का, बोट फिरवून पाहिलं. ठीक आहे. आई बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, फोटो."
तो गेल्यावर घरी पुण्यानुमोदन झालं, त्या दिवशी दि.चा फोटो खोक्यावर ठेवला, तो तिथेच आहे. फ्रेममध्ये काच ढिली. उचलला, छेडलं, खणखण नाही. ठेवला, वाजला. पुन्हा उचलला आणि तसाच मांडीवर घेऊन बसले. किती वेळ कोण जाणे.
घुं तेवढं उरलं.

१७ मार्च
मशीन रिक्षात घालून भद्रकालीला रेडिओवाल्याकडे. "कंडेन्सर गेलाय, बाई. बदलला की आवाज साफ बंद."
नाही बदलला तर?
"आज घुं, उद्या धूर. ट्रान्सफॉर्मर जळाला की मशीनच गेलं."
विचार करून सांगते म्हटलं. "यात विचार कसला?" तो म्हणाला. परत घेऊन आले.

२१ मार्च
शां. भाऊजींना सांगितलं. म्हणाले, "दिनू तिसरी तार त्या घुंवरच लावायचा. मी म्हणायचो, लेका, पेटीपेक्षा चढं लागतंय. तर म्हणायचा, मग तू पेटी मिटून ऐक. कार्यक्रमाच्या सुरुवातीला एकटाच एक चाल वाजवायचा ना, तेव्हा. मिटायचो मी पेटी."
मला हे माहीतच नव्हतं. इतकी वर्षं एका खोलीत.

३० मार्च
सकाळची शाळा. दुपारी मशीन लावून आडवी झाले. डोळा लागला. स्वप्नात दि. नव्हता. नुसती ही खोली होती, जरा मोठी, आणि तो शेजारी असावा तशी हवा. जाग आली ती वासाने. ट्रान्सफॉर्मरवर हात ठेववेना. प्लग ओढून काढला.
त्याने हाताने केलेली एवढीच वस्तू आहे घरात.

७ एप्रिल
कंडेन्सर बदलून आणला. लाल दिवा लागला, व्हॉल्व्ह तापले. आई वंदनेला बसतात तशा हात जुळवून समोर बसल्या होत्या. "लागलं नाही का गं अजून?"
"लागलंय, आई."
उठून आत गेल्या.

१३ एप्रिल
संध्याकाळी तालीम आमच्याकडे. कॅम्पातला गिटारवाला मशीनवर खूश. "एकदम शांत आहे हो!" सुरुवातीचं ते दि.चं वाजवायचं ठरलं. त्याने विचारलं, सूर कुठला? शां. भाऊजींनी पेटीची पांढरी पाच दाबली. मान हलवली. "याच्या थोडा वर. कसा सांगू?"
मी चहा घेऊन उभी. आयुष्यात चारचौघांत गायले नाही. ट्रे खाली ठेवला आणि ओठ मिटूनच घुंचा तो सूर धरला.
शां. भाऊजींनी पेटी मिटली. गिटारवाला तार चढवायला लागला, हळूहळू. आई दारात येऊन उभ्या. तोच आहे का, मला सांगता येत नाही. तार अजून खाली होती आणि माझा श्वास संपत आला, तरी मी सूर सोडला नाही.